चार इंच

ड्रोन दिसल्याच्या अफवेची नववी रात्र.
घनसावंगीच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीपुढं
आम्ही अकरा जण, दोन बॅटऱ्या, एक थर्मास.
कुणी म्हणालं, बारा बोअर बरी,
छर्रे पसरतेत, नेम नसला तरी भागतं.
खाजामियाँनं मोबाइलवर पॉइंट बावीस दाखवली,
हलकी, खांद्याला धक्का नाही.
"सशाला ठीक हाय ती," मागून कुणीतरी.
मग तीनशे पंधरा. नाव निघताच
सगळे जरा ताठ बसले.

डोईफोडे हवालदार तंबाखू मळत होते.
चोवीस वर्षं पलटणीत,
त्यातली अकरा शस्त्रागाराच्या किल्ल्या कमरेला.
उठले, गिरणीच्या पत्र्यावर
बोटानं टकटक केलं.

"ह्यो पत्रा.
त्याच्या मागं देविदासची भिंत, चार इंची.
तिच्या मागं कोण निजतं?"

देविदास आमच्यातच होता.
"पोरगी," म्हणाला. थोड्या वेळानं, "अन् माय."

"तीनशे पंधरा तिथं थांबत नसती."

थर्मासचं झाकण कुणीतरी उगीच फिरवलं.
"मंग काय घ्यावं, हवालदार?"
"मला कामून इचारता? त्याला इचारा."
आणि ते घराकडं निघाले, बॅटरी न लावता.

मी सेतू केंद्रात बसतो, अर्ज भरून देतो.
सोमवारी शटर वर केलं तेव्हा
पायरीवर पहिला देविदास,
आधार, दोन फोटो, सातबारा.
कारण: स्वसंरक्षण. हे त्यानं पटकन सांगितलं.
हत्याराच्या रकान्यापाशी अडला.
खिडकीतून वाकून, हळू आवाजात म्हणाला,

"सर, चार इंचात अडकंल
अशी कोणती असती?"