चाळीस रुपये

सोसायटीच्या पेटीला दोन कुलपं होती.
एकाची किल्ली हरेश्वरकाकांच्या करगोट्याला,
दुसरी पद्मावती केणीच्या पदराच्या गाठीत.
दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं,
म्हणून तर हिशोब शाबूत राहिला,
असं सगळा ससून डॉक म्हणायचा.

मी आले ती लॅपटॉप घेऊन.
डिझेलचा कोटा, बर्फाची उधारी, जाळ्यांवरचं कर्ज,
एकशे बारा बोटी,
तीन महिन्यांत सगळं वर चढवलं.
"वर म्हंजे कुठं?" काकांनी विचारलं.
"ढगात," एडविन म्हणाला आणि एकटाच हसला.
काकांचा ढगांशी जुना व्यवहार आहे,
त्यावर ते विनोद करत नाहीत.

मग मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं:
खाडीपलीकडे कुठेतरी एक इमारत, बिनखिडक्यांची,
आत यंत्रांच्या रांगा, रात्रंदिवस गार हवा.
आपण कधी आत जाणार नाही,
मालकाचं तोंड बघणार नाही.
काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
"म्हंजे बर्फाचा कारखानाच की.
आपली सुरमई दुसऱ्याच्या थंडीत,
चिठ्ठी आपल्याकडं, माल त्याच्याकडं.
एवढं इचार गो त्याला,
वीज गेली तर जागा कोण असतो?"

मी कंपनीला लिहिलं.
नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के, असं उत्तर आलं.
काका म्हणाले, मी माणसाचं नाव इचारलं होतं.

एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.
मार्चअखेर, सबसिडीचा शेवटचा दिवस,
ऑफिसचं नेट मेलेलं.
कुलाब्यातल्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसले,
फुकटचं वायफाय, पासवर्ड नाही,
शेजारच्या टेबलांवर कोण होतं कोणास ठाऊक.
पडद्यावर पाटी आली: हे कनेक्शन सुरक्षित नाही.
पत्त्याआधीच्या त्या एवढ्याशा कुलपावर लाल रेघ.
खाली बारीक अक्षरांत: तरीही पुढे जा.
एकशे बारा घरांचे खातेनंबर माझ्या मांडीवर,
घड्याळात पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.
मी पुढे गेले.

काही झालं नाही.
की झालं, आणि दिसलं नाही?
पासवर्ड त्याच रात्री बदलला, नंतर पुन्हा, नंतर पुन्हा,
जसं कोणी दार लावलंय का बघायला
अर्ध्या जिन्यावरून परत येतं.

गेल्या आठवड्यात काका लिलावाला घाईत गेले
आणि पेटी उघडी राहिली.
आत लाल कापडाची वही.
रोजची नोंद, काकांचं तिरपं अक्षर,
कालच्या तारखेपर्यंत.
प्रत्येक ओळीशेवटी हिरव्या शाईची टिचभर खूण,
ती पद्मावतीबाईंची.
म्हणजे दोघं ताडून बघत होते
मला, माझ्या त्या बिनचेहऱ्याच्या मालकाला,
एकमेकांनाही,
रोज संध्याकाळी, न बोलता.

राग यायला हवा होता.
मी वही उघडून लॅपटॉपशेजारी ठेवली
आणि सोळा महिने जुळवत बसले.
चाळीस रुपयांचा फरक निघाला,
नोव्हेंबरातला, बर्फाच्या चुऱ्याचा.
चूक कोणाची ते कळलं.
सांगणार नाही.

पेटी बंद केली, दोन्ही कुलपं दाबली.
किल्लीवाचूनही ती लागतात.
उघडायला मात्र माणूस लागतो.