दुरुस्ती, नियम बेचाळीस

सकाळी दहाची सभा, दहा वाजता अकरा जण.
गणपूर्तीला वीस लागतात.
म्हणून सभा अर्धा तास तहकूब,
त्याच जागी, त्याच भाड्याच्या खुर्च्यांवर,
चार नंबरचा खांब आणि इंगवल्यांची झाकलेली स्कूटर यांच्या मधे.
तहकूब म्हणजे कुणी उठायचं नाही, एवढंच.
चहा मात्र वेळेआधी आला
आणि वरून एकेक जण उतरत राहिला,
लिफ्टनंच. तिच्याविषयीच तर सभा होती.

साडेदहाला सत्तावीस.
मी चष्मा पुसून जुना नियम वाचला,
ब्याण्णव सालच्या टंकलेखनात, ‘र’ जरा वर उडालेला:
उद्वाहनातून अवजड सामान, सायकल, गॅस सिलिंडर,
भिजलेली छत्री, कुत्रा व मयत नेऊ नये.
छत्री कुणी घातली असेल?
त्या समितीतलं कुणी उरलं नाही विचारायला.
तेही जिन्यानंच गेले.

दुरुस्ती दोन शब्दांची.
‘व मयत’ वगळावे.
नवी लिफ्ट तेरा माणसांची आहे, स्ट्रेचर आडवं मावतं,
हे मी टेप लावून मोजलंय.

फुर्तादो म्हणाले, गांगुर्डेंना मी उतरवलं,
प्रत्येक वळणावर तिरकं करावं लागलं,
हा खांदा अजून वर जात नाही.
मुकादम म्हणाले, खांदा देणं सवाबचं काम,
पण खांदे आहेत कुठं? पोरं कॅनडात.
कोपऱ्यातून कुणीतरी पार्किंगचा विषय काढला.
तो मी विषयपत्रिकेवर बोट ठेवून परत पाठवला.

मग यशवंतीबाई गांगुर्डे, सातशे चार.
तीस वर्षं भागपत्रावर दुसरं नाव,
यंदा पहिलं. सभेत कधी बोललेल्या नाहीत.
म्हणाल्या, माझा विरोध लिहा.

मी वरच थांबले होते, कठड्याला धरून.
खाली न्यायला वीस मिनिटं लागली.
सहाव्यावर दार उघडलं, बिवलकरांची सून, हात कणकेचे.
पाचव्यावर टीव्ही बंद झाला.
चौथ्यावर, ज्यांच्याशी गळतीवरून अकरा वर्षं बोलणं नाही,
तिथलीसुद्धा कडी वाजली.
मला दिसत नव्हतं काही. दारं ऐकू येत होती.
लिफ्टला चाळीस सेकंद लागतात.
चाळीस सेकंदांत कोण बाहेर येतं?

पहिल्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला.
चौथ्या मजल्यानं आपल्या कपात पाहिलं.

मग हात.
बाजूनं: फुर्तादोंनी डावा वर केला.
मीही केला. सचिवाचा हात सगळ्यांना दिसतो,
वर गेला की खाली घेववत नाही.
अठरा.
विरोधात नऊ, त्यात कणकेचा हात एक.
सत्तावीसचे दोन तृतीयांश नेमके अठरा,
इंगवल्यांनी मोबाइलवर दोनदा करून दाखवलं.
एक हात इकडचा तिकडे झाला असता तर.

इतिवृत्तात मी लिहिलं:
विषय क्रमांक दोनवर साधकबाधक चर्चा झाली.
ठराव बहुमताने संमत.
रकाना तेवढाच आहे. दोन बोटं उंचीचा.

खानोलकर, अठ्ठ्याऐंशी पूर्ण, सातशे एक,
सही करताना विचारतात, आजपासून लागू का?
नाही, उपनिबंधकांची मंजुरी यायला हवी.
किती दिवस?
तीनेक महिने धरा.
बरं, म्हणाले, मग थांबतो.
सगळे हसले, जरा जास्तच वेळ.
यशवंतीबाईही हसल्या.

खुर्च्या मोजून टेम्पोत चढवल्या.
छत्री राहिलीच नियमात, भिजलेली.
तिच्यासाठी वेगळा ठराव लागेल.