विनंतीस मान देऊन

बाणेरला चौथ्या मजल्यावर खिडकीशी माझं टेबल.
खाली मेट्रोचे खांब. समुद्र म्हणाल
तर घाट उतरून चार तास.
तरी दिवसभर माझ्याकडे जहाजांवरची पत्रं येतात.
ऑइलर, फिटर, खानसामे, सगळे मनिलाकडचे.
ते टागालोगमध्ये मागतात,
मी त्यांच्या वतीने इंग्रजीत मागते,
आणि कंपनी दोन चौकटींपैकी एकीत फुली मारते.

भाषा शिकले ती रियाधच्या इस्पितळात, रात्रपाळीला,
रोवेनाच्या थर्मासमधली कॉफी पीत.
तिनं आधी शिकवलं 'पाकी'.
शब्दाच्या कपाळाला पाकी लावलं
की हुकूमसुद्धा हात जोडतो.
पाकीआबोत. दे ना गं जरा इकडे.

आज रोडेलिओ बुएनाफ्लोरचं पत्र.
आई गेली तेव्हा तो भर दर्यात होता.
आपल्याकडे तेरावं, त्यांच्याकडे चाळिसावा दिवस.
तेवढ्याला तरी पोचायचंय. सात दिवस.
शेवटी एकच ओळ, पेन दाबून लिहिलेली:
पगबिग्यान न्यो ना पो साना अको.

'बिगाय' म्हणजे देणं. पण हे देणं पगारातलं नाही.
पोर दुकानासमोर फतकल मारून बसतं
आणि बाप म्हणतो, "बरं बाई, घे," ते देणं.
मन राखणं.
आपण थोडं मागं सरून दुसऱ्याला पुढं जाऊ देणं,
जे चांदणी चौकात आजवर कुणी केलेलं नाही.
'पो' म्हणजे आपलं 'अहो'.
'साना' म्हणजे झालं तर बरं होईल हो,
नाही झालं तर मी काय बोलणार.

लिहिलं: काइंडली ग्रँट माय रिक्वेस्ट.
चार शब्द, कडक इस्त्रीचे.
रोडेलिओ त्यात कुठंच नाही.

खोडलं. कुणी ऐकत नाही बघून मराठीत म्हणून पाहिलं.
'विनंतीस मान देऊन' आलं की मागोमाग
हार, नारळ आणि प्रमुख पाहुणे येतात.
'पदर पसरतो' कसं लिहू, बॉयलर सूटला पदर कुठला.
'गळ घालतो' म्हटलं तर जहाजावर भलताच अर्थ.
'शब्द टाकतो' जवळचं वाटलं,
पण टाकलेला शब्द कुणीतरी उचलावा लागतो.

त्यांच्याकडे आणखी एक आहे, इपगकालोओब.
ते देवानं द्यायचं देणं.
त्याच्या पोटात 'लोओब' बसलाय,
लोओब म्हणजे आत.
कंपनीचा फॉर्म तीन प्रतींत असतो. आत कशालाच नाही.

शेवटी काइंडलीच पाठवलं.

चार वाजता उत्तर: नॉट ग्रँटेड. बदली माणूस उपलब्ध नाही.
हे उलट फिरवणंही माझंच काम.
त्या भाषेत 'नाही'ला 'हिंदी' म्हणतात.
रोवेनानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
आम्ही दोघी तोंडात ओढणी कोंबून हसलो होतो,
तरी सात नंबरचा पेशंट जागा झालाच.
आज 'हिंदी' लिहिलं आणि हात थांबला.
मग पुढं 'पो' लिहिला.
मूळ इंग्रजीत तो नव्हता.
ऑडिटवाल्यांनी विचारलं, हा शब्द कुठून आला,
तर सांगेन, माझ्या घरचा आहे.

पाठवायचं बटण मात्र दाबलं नाही.

साडेसहाला जिन्यात घैसाससाहेब भेटले,
एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.
म्हटलं, साहेब, तो ऑइलर, आई गेली त्याची.
म्हणाले, मेल करा ना.
म्हटलं, मेल सकाळीच केला, आता शब्द टाकतेय.
ते केकच्या खोक्याची दोरी नीट करत राहिले.
एक पायरी उतरले.
थांबले.
म्हणाले, "बघू."

बघू.
घरी येऊन भाकरी थापताना, झोपताना,
हे टागालोगमध्ये कसं म्हणायचं ते शोधत होते.
इंग्रजीतही येईना.
रोडेलिओला उद्या सकाळी काहीतरी लिहायचंय.