बेळगुंदकर

वापीत आमच्या दारावर पितळी पाटी होती.
शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं,
'बेळगुंद' नावाचाही कर भरावा लागतो का तुम्हाला?
मी म्हटलं, गाव आहे आमचं, लाल मातीचं.
पाहिलं नव्हतं.

आता बेळगुंदीत सात महिने झाले
तेव्हा कळतंय, इथं बेळगुंदकर कुणीच नाही.
पाटील आहेत, गावडे आहेत,
एक घर किणयेकरांचं, ते किणयेहून आलेलं.
सोडून गेलेल्यालाच गावाचं नाव चिकटतं.
पाटी अजून खोक्यातच आहे, बनियनमध्ये गुंडाळलेली.

पंचायतीतल्या क्लार्कनं विचारलं, "यल्लिंद बंदीरि?"
रुक्माक्कानं मराठीत करून दिलं: कुठनं आलीस म्हणतोय.
त्याच्या हाताखाली माझं नाव कन्नडात गोल गोल होत गेलं
आणि खाली मी सही केली ती गुजरातीत,
सवयीनं, डोक्यावर रेघ न देता.
तो कागदाकडं बघत राहिला.

बसची पाटी वाचता येत नाही.
रताळ्यांच्या रिकाम्या टोपल्या जिच्यात चढतात
तीच आपली, असं धरून चालते.
एकदा उचगावला जाऊन उतरले.

नवरा? आहे, वलसाडला, वेगळा.
पोरं? नाहीत.
मग कुणाच्यात आलीस गे?
मी पदराचं टोक बघत बसले.
रुक्माक्का म्हणाली, माझ्या परड्यात आलीया, तुला काय?

इथल्या बाया स्वतःबद्दल बोलताना
मी जेवलो, मी न्हालो, म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं.
मग भागुबाईनं तिसऱ्या खेपेचं सांगितलं,
भाताच्या बांधावरच मी बाळंत झालो,
नाळ इळ्यानं कापली.
त्यानंतर नाही हसले.

काल वेलाचे तुकडे करत होतो सगळ्या,
वीतभर, चार डोळ्यांचा एक.
याला मूळ कुठंय, मी विचारलं.
नसतंयच की, आडवा ठेव आणि माती दाब.
तेवढ्यात वरच्या वाफ्यातून कुणीतरी हाक मारली
आणि मी ओरडले, "आलो!"

कुणी मान वर केली नाही.
भागुबाई म्हणाली, येताना ती दुसरी जुडी घेऊन जा.