समपातळी

दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा,
मधे बारा मीटर पारदर्शक नळी,
नळीत विहिरीच्या तळाचं पाणी.
एक टोक माझ्या हातात.
दुसरं धरायला कुणीतरी हवं होतं
आणि शिमगा सरल्यावरच्या त्या दुपारी
वरकशीच्या उतारावर
दौलत सोडून कुणी नव्हतं.

दौलत, माझा धाकटा.
गोताड विरुद्ध गोताड, राजापूर कोर्ट,
अकरा वर्षं.

मधे आमचा गडगा.
कंबरभर, जांभ्याचा,
माथ्यापासून पऱ्ह्यापर्यंत नाकासमोर उतरणारा,
नकाशावर मोजणीदाराने पट्टी धरून ओढला तसा.
पाण्याला इतकी सोपी वाट कुणी करून दिली नव्हती.
दोन्ही अंगांनी गडग्याला धरून धावायचं ते.
आषाढात एका रात्रीत ढोपरभर चर.
माझी नाचणी मुळांसकट, त्याची वरी मुळांसकट,
खाली पऱ्ह्यात एका ठिकाणी.

साडेतीन हजार मिलिमीटर पडतो म्हणे.
मार्चात आमच्या विहिरीला दोर पुरत नाही.

श्रावणात खाडी लाल होते ती आमच्या मातीने.
मुखाशी गाळ साचून तिवरांचं बेट झालंय,
पोरं चिंबोऱ्या धरायला जातात तिथे.
कधी वाटतं, त्या चिखलात उभं राहून विचारावं,
यातली माझी किती, दौलतची किती,
बापाची किती.

कृषी सहायक निलोफर काझी
त्याच गडग्यावर बसून डबा खात होती.
सोड्याच्या भाताचा शेवटचा घास गिळून म्हणाली,
काका, दगड चांगलेत तुमचे. फक्त उभे घातलेत.
उताराला आडवे घाला, समपातळीत.
रेघ मात्र दोन्ही जमिनींतून जाणार.
मी म्हटलं, बघू.
तिने त्यालाही विचारलं होतं.
तो काय म्हणाला ते सांगितलं नाही,
नळी ठेवून गेली.

दौलतने ते टोक उचललं.
पाणी हललं, एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे.
मधे बुडबुडा अडकलेला,
टिचकी मारून काढावा लागतो.
त्याने मारली.

"वर," मी म्हणालो.
अकरा वर्षांतला पहिला शब्द.
"वाईच अजून.
खाली. खाली रे.
हां."
"तुझी किती?"
"बेचाळीस."
"माझी पण."

फक्कीची चिमूट टाकायची, पुढे सरकायचं.
रेघ वाकडी. किंजळीला वळसा, करवंदीच्या जाळीतून आत,
कातळाच्या उघड्या पाठीवरून.
दिवस कलताना मी त्याच्या जमिनीत होतो
आणि तो माझ्या.

चैत्रात गडगा उपसला.
दोन विंचू, एक फुरसं,
आणि तळाच्या थरात
हद्दीचा दगड.
जो दौलतने हलवला असं मी शपथेवर सांगितलं होतं.
जो मी तिथे पुरला होता.

त्याने पाहिला. उलटा केला.
खुणेवरची माती अंगठ्याने पुसली.
मोठे खाली घालायचे असतात, म्हणाला,
आणि बांधाच्या पायात लोटून दिला.

पहिल्या पावसाळ्यात बांधामागे वीतभर माती थांबली.
दुसऱ्यात हातभर.
दिवाळीनंतर कुळीथ टाकले, नुसत्या ओलीवर आले.
विहिरीचं म्हणाल तर मेमध्ये
दोराच्या दोन गाठी कमी सोडाव्या लागल्या. दोनच.

केस आम्ही काढून घेतलेली नाही.
का, ते विचारू नका,
त्याने विचारलेलं नाही, मीही नाही.
वकील तारीख घेतो, आम्ही जातो, एकाच एसटीने.
परवा तो खिडकीशी बसला होता.
मी म्हटलं, पावसाआधी तिसरी रेघ मारू, वरच्या अंगाला.
बराच वेळ बाहेर बघत राहिला.
नळीला भोक पडलंय, म्हणाला.
या खेपेला तू आण.