सात दहाची बस

भोसरीत आमच्या गेटवर
सात दहाला बस लागते
आणि वेतनकराराची खरी बोलणी
साडेसातला सुरू होतात.
हे कळायला मला दोन करार लागले.

कमिटीत अकरा जण. मी बारावी.
देवकाते म्हणाले, शालनताई, तुमचं अक्षर चांगलं,
तुम्ही इतिवृत्त लिहा.
लिहिलं. त्यांचे खोकलेसुद्धा शुद्धलेखनात.

हार्नेस लाईनवर दोनशे पाच बायका आणि मी.
शिफ्टला चौदाशे टोकं,
पिवळ्या वायरवर हिरवी रेघ, हिरवीवर पिवळी,
चुकलं की कुणाच्यातरी गाडीचा ब्रेकलाईट लागत नाही.
करारात आमच्यापुढे शब्द : अर्धकुशल.
ट्रॉली ढकलणारा दत्तू कुशल.
(दत्तूबद्दल तक्रार नाही. भला आहे. ट्रॉली जड असते.)
मी विचारलं, आमचं उरलेलं अर्धं कुठं ठेवलंय?
सगळे हसले, टिपणीससाहेब तर पोट धरून.
पुढच्या बैठकीत घेऊ, म्हणाले.
तेही लिहिलं. तारखेसह. सहा वेळा.

परवा सात वाजता वह्या मिटल्या.
देवकाते म्हणाले, ताई, बस चुकेल तुमची.
काळजीनंच म्हणाले.
सात वर्षं काळजीनंच म्हणतायत.
खिडकीतून दिसत होती, दिवे लावून उभी,
आणि दारात मुमताज, एक पाय खाली टेकवून.
माझी वाट बघत नव्हती ती,
मी येत नाही ना, याची खात्री करत होती.
मग पत्र्यावर दोन थापा मारल्या तिनं
आणि बस गेली.

नाशिक रस्त्यावरच्या गार्डन हॉटेलात
वेटर म्हणाला, मॅडम, फॅमिली सेक्शन वर आहे.
म्हटलं, मला खाली काम आहे.
खुर्ची मीच ओढून आणली, एका पायानं लंगडी.
शेंगदाण्यांची बशी सरकवून वही उघडली.
टिपणीस मोबाईलमध्ये गेले,
देवकाते ग्लासात.
इथं कशाला लिहिताय, कुणीतरी पुटपुटलं.
अक्षर चांगलं आहे ना, म्हटलं.

वेळ : सात पन्नास.
विषय पहिला : उरलेलं अर्धं.

करार अजून झालेला नाही.
दिघीपर्यंत रिक्षाचे एकशे चाळीस झाले.
सकाळी लाईनवर माझ्या डब्याशेजारी
रुमालात बांधलेली नाणी होती,
प्रत्येकीचा एक रुपया.
पासष्ट उरले.
ते वहीतच ठेवलेत,
पुढच्या बैठकीत घेऊ.