जरीनंतर तरी नको

उदगीरच्या बसस्टँडमागं, टायरच्या दुकानावर,
लोखंडी जिन्याच्या टोकाला माझा वर्ग.
सात ते साडेआठ, लाईट असली तर.
आज फळ्यावर लिहिलं : ऑल्दो.
खाली मराठीत : जरी.

म्हटलं, इंग्रजीत एवढं एकच पाळा,
ऑल्दो आला की बट आणायचा नाही.
जरी म्हणालात, की तरी गिळायचा.
त्याच्या जागी एक स्वल्पविराम.
बास.

मागच्या बाकावरून मुनीर,
जो दिवसभर स्टँडवरच्या हॉटेलात रस्सा वाढतो,
म्हणाला, सर, तरीच काढली
तर वाटीत उरलं काय?
वर्ग हसला. मीही हसलो.
हसू ओसरल्यावर वाटलं, पोरगं चुकलं नाही.
आपल्याकडं जरी गळाला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही :
नळ आला नाही तरी अंघोळी झाल्या.
तरी मात्र लागतोच,
वर तरंगतो लाल तवंगासारखा.

मग डिस्पाइट.
त्याच्यामागं ऑफ लावू नका, मी ओरडलो,
दरवर्षी ओरडतो, दरवर्षी लावतात.
अख्खं वाक्य त्याला पेलत नाही,
त्याला नाम द्या, नुसतं नाम :
ऊन, ताप, बदली.
हाऊएव्हरचा मात्र मानपान फार,
दोन वाक्यांच्या मध्ये बसला
तर अलीकडं अर्धविराम पाहिजे, पलीकडं स्वल्पविराम,
लग्नातल्या व्याह्यासारखा.
व्हेअरॲज भांडत नाही कुणाशी,
दोन घरं शेजारी शेजारी दाखवतो
आणि गप्प राहतो.

साडेआठला वह्या घेतल्या.
वैजयंता सोनकांबळे, वय एकेचाळीस,
सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुते,
खात्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतेय.
गोल, दाबून काढलेलं अक्षर :
ऑल्दो माय हजबंड हॅज लेफ्ट, बट हिज चप्पल इज आउटसाइड द डोअर.
जरी नवरा निघून गेला,
तरी त्याची चप्पल दाराबाहेर आहे.

लाल पेन बटवर गेला आणि थांबला.
एवढ्या चांगल्या वाक्याला कात्री लावायची
म्हणून जरा वाईटच वाटलं.
मनात मी त्या चपलेवरची धूळही पुसून टाकली,
तिनं रोज पुसावी तशी.
म्हणालो, बाई, दोनातला एक काढा. कुठलाही.
ऑल्दो काढला तरी चालेल,
बट काढला तरी चालेल.

तिनं वही स्वतःकडं वळवली.
बराच वेळ बघत राहिली.
खाली कुणीतरी टायर आपटत होतं.
मग म्हणाली,
दोन्ही काढू का सर?
जरी न्हाई तितं. म्हणून पायजे.
त्यो गेला म्हणून तर ठिवलीय चप्पल.
रात्री कुणी दारापसी आलं
तर वाटावं, घरात माणूस हाय.
जुनी बी न्हाई त्याची,
त्याची तर त्यो घालून गेला.
ही म्या शुक्रवारच्या बाजारातून आणली,
नऊ नंबरची.

पंधरा वर्षं शिकवतोय मी हे शब्द.
विरोध कुठं दिसला की पेन उचलायचा,
हे हाताला इतकं ठाऊक
की विरोध आहे का, हेच विचारायचं राहिलं.
तिनं ऑल्दो खोडला. बट खोडला.
मधे लिहिलं : सो.
आणि विचारलं, हिज ठिवू का काढू?
मला उत्तर आलं नाही.
म्हणालो, उद्या सांगतो.

दिवे घालवून जिना उतरलो.
घराच्या वाटेवर गल्लीत
दारोदार चपला :
उलट्या, सुलट्या, एक दोन जोड्या
जरा जास्तच नीट लावलेल्या.
मी आपला वाचत गेलो,
कुठल्या दाराशी जरी असेल,
कुठल्या दाराशी म्हणून.